इंटरनेटच्या आधी शेअरवेअर मिळायचं कुठून आणि पैसे कसे पाठवायचे?

रिकामी_फ्लॉपी:
बाबांची जुनी कागदपत्रं आवरताना डॉट मॅट्रिक्सवर छापलेला एक फॉर्म सापडला. दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या अजून फाडलेल्या नाहीत. वर फाइलचं नाव, ऑर्डर डॉट एफआरएम. डॉसवर टेक्स्ट फाइल वाचायच्या कुठल्याशा युटिलिटीच्या रजिस्ट्रेशनचा आहे. नाव-पत्ता बाबांच्या अक्षरात, फ्लॉपी सव्वापाच इंची हवी अशी खूण. खाली 'हा प्रोग्राम तुम्हाला कुठून मिळाला?' म्हणून चार चौकोन, चारही कोरे. सही नाही. म्हणजे पाठवलाच नाही.

असले शेअरवेअर, म्हणजे आधी फुकट वापरा आणि आवडला तर लेखकाला पैसे पाठवा असे प्रोग्राम, तेव्हा मिळायचे कुठून? आणि आधीच फुकट चालतोय म्हटल्यावर पैसे पाठवायचं कोण? त्या चार चौकोनांशी लेखकाला काय करायचं होतं, तेही कळलं नाही.

खटपट्या:
मी पाठवायचो. खरं सांगायचं तर वापरले पंचवीसेक, पैसे पाठवले तिघांना. तेव्हा फार हुरळून वाचू नकोस.

बहुतेक माल हातोहात यायचा. कुणाकडे तरी फ्लॉपी असायची, त्यावर हाताने लिहिलेलं लेबल, आत सहा प्रोग्राम. दुसरी वाट बीबीएसची, म्हणजे बुलेटिन बोर्डाची. कुणी हौशी माणूस घरच्या फोनला मोडेम आणि कॉम्प्युटर जोडून बसायचा, आपण आपल्या मोडेमने तिथे फोन लावून फाइली उतरवायच्या. बहुतेकांकडे लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत. २४०० च्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं, म्हणजे १०० केबीला सात मिनिटं, तेही सगळं सुरळीत चाललं तर. घरात कुणी दुसरा फोन उचलला की संपलं. फाइल उतरवायची पद्धत जुनी एक्समोडेम असेल तर पुन्हा पहिल्यापासून. झेडमोडेम आल्यावर तुटलं तिथून पुढे उतरवता यायला लागलं, तेव्हा घरातली निम्मी भांडणं मिटली.

फाइलचं नाव आठ अक्षरी, त्यावरून काय कळणार? म्हणून झिपच्या पोटात फाइल-आयडी डॉट डिझ नावाची चिठ्ठी असायची, ४५ अक्षरं रुंद, दहा ओळी. मी त्या दहा ओळींवरून ठरवायचो. 'अद्वितीय', 'सर्वोत्तम' दिसलं की पुढे. 'मोठी फाइल उघडते, मागे-पुढे सरकते, शोधते' एवढंच लिहिलं असेल तर घ्यायचा.

तिसरी वाट कॅटलॉगवाल्यांची. यादीतला नंबर कळवायचा, फ्लॉपी पोस्टाने घरी. इथे मोठा घोळ व्हायचा. लोकांना वाटायचं, फ्लॉपी विकत घेतली म्हणजे प्रोग्रामचे पैसे दिले. ते पैसे कॉपी करण्याचे आणि पाठवण्याचे. लेखकाला त्यातली दमडी मिळायची नाही. प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, रीड-मीमध्ये, हे लिहिलेलं असायचं, पण रीड-मी वाचतो कोण.

आता तुझे चौकोन. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमनने पीसी-टॉक नावाचा मोडेमचा प्रोग्राम वाटायला सुरुवात केली. कॉपी करा, मित्रांना द्या, उपयोगी वाटला तर २५ डॉलर पाठवा. जिम नॉफचा पीसी-फाइल त्याच सुमाराचा. फ्लुगेलमनने 'फ्रीवेअर' हा शब्द स्वतःच्या नावावर करून ठेवला, मग बाकीच्यांना दुसरा शब्द शोधावा लागला. १९८३ मध्ये बॉब वॉलेसने पीसी-राइट काढला आणि त्याला शेअरवेअर म्हटलं. त्याची युक्ती मला अजून आवडते. ७५ डॉलर भरले की तुमच्या प्रतीला तुमचा नंबर. ती प्रत तुम्ही वाटायची. तिच्यावरून आणखी कुणी रजिस्टर झाला की २५ डॉलर तुम्हाला. अशा योजनेत कुठून मिळाला ते विचारावंच लागतं. कमिशन न देणारेही विचारायचे, कारण आपला प्रोग्राम कुठवर पोचलाय हे लेखकाला कळायला दुसरा मार्गच नव्हता.

पैसे पाठवणं हे मात्र दिव्य होतं. लेखक परदेशात, त्याला चेक त्याच्या देशातल्या बँकेवरचा हवा. तसा ड्राफ्ट काढायचा तर त्याचा खर्च प्रोग्रामच्या किमतीला टेकायचा. मी एकदा नोटाच पाठवल्या, कार्बन पेपरमध्ये गुंडाळून, उजेडात धरलं तरी दिसू नयेत म्हणून. फॉर्मवर ठळक छापलं होतं, रोख पाठवू नये.

सहा आठवड्यांनी पाकीट आलं. आत एक चिठ्ठी, त्यावर कोड. घातला. 'अवैध'. ओ आणि शून्याची अदलाबदल करून पाहिली, आय आणि एक करून पाहिलं. दोन रात्री गेल्या. मग फॉर्मची माझ्याकडची प्रत काढली. मी आद्याक्षरापुढे टिंब दिलं होतं, आणि कोड नावावरून बनवलेला. प्रोग्राममध्ये नाव टाकताना मी टिंब देत नव्हतो. टिंब दिलं आणि 'रजिस्टर करा'ची पाटी गेली. पुढची कित्येक वर्षं त्या प्रोग्रामच्या कोपऱ्यात माझं नाव यायचं, टिंबासकट.

निमूट:
मी एकदाही दिले नाहीत आणि मला वाईटही वाटत नाही. सुरू करताना दहा सेकंद थांबवणारे, पाच फाइलींनंतर अडवणारे... असल्यांना कशाला द्यायचे?

खटपट्या:
थांबवणाऱ्यांबद्दल तक्रार मान्य. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस. १९८७ मध्ये शेअरवेअर लेखकांची एएसपी ही संघटना झाली. सभासदांनी पांगळी आवृत्ती वाटायची नाही, असा तिचा नियमच होता. आणि ज्याने काहीच अडवलं नाही, त्याला तरी तू कुठे दिलेस?

निमूट:
बरं.

दोनचार_बाइट:
एक भर. कॉम्प्युसर्व्ह या पैसे भरून वापरायच्या ऑनलाइन सेवेचं खातं असेल तर हे सगळं करावं लागत नव्हतं. तिथे एसडब्ल्यूरेग नावाची सोय होती, प्रोग्राम निवडायचा, रक्कम महिन्याच्या बिलात. मॅकवाल्यांसाठी १९९४ मध्ये कागी आलं. ते लेखकांच्या वतीने पैसे घ्यायचं, कार्डावर सुद्धा. कार्बन पेपर तिथे संपला.

रिकामी_फ्लॉपी:
आता पाठवले तर?

खटपट्या:
त्या पत्त्यावर नको. पोस्ट बॉक्स असेल तर आज तो भलत्याच कुणाचा असेल. आधी प्रोग्रामची शेवटची आवृत्ती शोध. बऱ्याच लेखकांनी पुढे आपले प्रोग्राम मोकळे केले. डॉसच्या कमांड प्रॉम्प्टच्या जागी वापरायचा फोर-डॉस तर सोर्ससकट मोकळा झाला. तुझ्या फॉर्मवरच्या प्रोग्रामचंही तसं झालं असेल तर रीड-मीमध्ये असेल. या खेपेला वाच.

रिकामी_फ्लॉपी:
वाचतो. फॉर्मच्याच प्लॅस्टिकच्या खिशात चार घड्या घातलेला एक कार्बन पेपर होता. सकाळी रद्दीत टाकला होता, आत्ता काढून आणला. आत काही नाही. बाबा टाइपही करायचे, त्यामुळे तो त्यासाठीचाही असेल.

खटपट्या:
टाइपिंगच्या कार्बनला कुणी चार घड्या घालत नाही.