जुना मिक्सर, जुना पंखा, जुना टीव्ही: किनाऱ्यावर दुरुस्ती परवडते का?

कातळकाका:
गणपतीला पुतण्या मुंबईहून आला. माळा झाडायला चढला आणि वरूनच ओरडला, "काका, ही अडगळ भंगारात द्या, दिवाळीपर्यंत सगळं नवं मागवून देतो." अडगळ म्हणजे एक टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र), एक मिक्सर, छताचे दोन पंखे आणि १९९४ साली घेतलेला रंगीत टीव्ही. मी त्याला खाली उतरवला, चहा दिला. भांडण इथे करतो.

घर हर्णैजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे वस्तू वयाने कमी आणि खाऱ्या हवेने जास्त बिघडतात. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, तो ओलावा तांब्या-पितळेला खातो, आणि दोन पत्रे टेकून जिथून वीज पुढे जायची नेमकी तिथेच हिरवी भुकटी साचते. आपण म्हणतो वस्तू गेली. पुष्कळदा तिचं फक्त नाक चोंदलेलं असतं.

टू-इन-वनचंच बघा. उघडल्यावर आधी झुरळांची अंडी निघाली, मग पालीचा सांगाडा, शेपटीसकट. सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा हिरव्यागार. कापसाला लिंबाचा रस लावून पुसल्या, वर साध्या पाण्याचा बोळा फिरवला आणि दिवसभर उन्हात ठेवलं. बँड बदलायच्या स्विचचे पत्रे काळे पडले होते. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून स्विच वीस-तीस वेळा पुढेमागे केला. कॅसेटचा रबरी पट्टा मात्र अक्षरशः काकवी झाला होता, बोटाला लागला तो दोन दिवस सुटला नाही. कॅसेटचा नाद सोडला. रेडिओ लागला. खर्च एक लिंबू आणि चार सेल. (अल्कोहोलची बाटली घरात होतीच.)

आणि हा रेडिओ नुसता हौसेचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्या वाडीत कित्येक दिवस लाईट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. बातम्या ऐकल्या त्या सेलवरच्या रेडिओवर. तेव्हा पुतण्याचा स्मार्ट टीव्ही काय कामाचा होता?

म्हणून म्हणतो, कोकणात तरी उघडून, पुसून, वाळवून बघितल्याशिवाय काही फेकू नये. बोला.

बोरिवली_स्लो:
काका, तो पुतण्या मी नव्हे, पण वकीलपत्र त्याचंच घेतो. रेडिओची गोष्ट छान आहे, तिच्या आड पंखे लपवू नका. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या मोटरचा, पूर्ण वेगात ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट. युनिट आठ रुपये धरलं तर एका पंख्यामागे १३० रुपये, दोघांचे २६०. पंखा तीन हजारांचा धरा, दोन वर्षांत पैसे वसूल. तुम्ही कंडेन्सर बदलून जुनाच फिरवत राहिलात तर दर महिन्याला वर्गणी भरताय, पावती तेवढी मिळत नाही.

गजालीवाला:
बोरिवलीकरांनू, हिशेब बरो केल्यात, पण आमच्या मिरगाचो हिशेब त्यात धरूक नाय. गेल्या वर्षी असोच वीज वाचवणारो पंखो लावलंय. मिरगाच्या पयल्या गडगडाटात त्याच्या पोटातलो बोर्ड गेलो. मेकॅनिक येतलो येतलो म्हणता म्हणता पावस सरलो. बापाशीन लावलेलो जुनो पंखो बाजूच्या खोलीत फिरताच आसा. हळू झालो की अडीच मायक्रोफॅरडचो कंडेन्सर बदलूचो, शंभराच्या आत, धा मिनटांचा काम.

बोरिवली_स्लो:
गडगडायला लागलं की पिन काढून ठेवायची ना!

गजालीवाला:
छताच्या पंख्याक पिन खंय आसता रे?

बोरिवली_स्लो:
बरं, मेन स्विच पाडा. माझा आकडा तरीही खोटा ठरत नाही.

सुरंगी_वळेसर:
इतकी चर्चा झाली, मिक्सरचं नाव कोणी काढलं नाही. साहजिकच आहे, तो तुमच्यापैकी कोणी वापरत नसणार.

आमच्याकडे सासऱ्यांनी 'दुरुस्त केलेला' मिक्सर होता, जुना, पत्र्याच्या अंगाचा. तीन पिनांची वायर उंदराने कुरतडली म्हणून त्यांनी घरात सापडलेली दोन पिनांची जोडली. चालायला लागला, सगळे खूश. ओलं खोबरं वाटताना ओल्या हाताला झिणझिण्या येतात म्हटलं तर "लाकडी पाटावर उभी राहा." दोन वर्षं मी पाटावर उभी राहून वाटण केलं. नातेवाइकांना कौतुकाने सांगितलं जायचं, बघा, अजून चालतो.

शेवटी भावाने तीन पिनांची वायर परत लावली आणि मीटरशेजारी ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. मिक्सर चालू केला की खट्, घरभर अंधार. म्हणजे इतके दिवस ती वीज जात कुठून होती ते कळलं. त्याच दिवशी मी स्वतः तो भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला.

काकांनी नावच कातळकाका घेतलंय म्हणून विचारते, तुमच्याकडे अर्थिंग कसं आहे? आमचं घर कातळावर. अर्थिंगचा खड्डा म्हणजे वर हातभर माती आणि खाली दगड. मे महिन्यात ती माती चुन्यासारखी कोरडी. अशा घरात पुसून वाळवून चालू केलेली वस्तू बायकामाणसांच्या हातात देताना जरा विचार करा.

सोल्डर_आणि_चहा:
चिपळूणजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. धंद्याचा विचार केला तर मी काकांच्या बाजूने उभं राहायला हवं. राहत नाही, निदान पूर्ण नाही.

पुसल्यावर वस्तू चालू झाली म्हणजे ती बरी झाली, हा समज आधी काढा. बोर्डावरच्या हिरव्या लाखेखाली एकदा खारं शिरलं की ते वरून पुसून जात नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तीच तक्रार घेऊन माणूस येतो आणि बिल मागच्या वर्षीचं दाखवतो. अजून एक गोष्ट फार कोणी बघत नाही. जुन्या टीव्हीत, ॲम्प्लिफायरमध्ये मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून कारखान्यातच पिवळट गोंद लावलेला असतो. वर्षांनी तो गरम होऊन तपकिरी पडतो, आणि तपकिरी पडला की त्यातून वीज सरकायला लागते. आमच्या दमट हवेत तर जास्तच. चांगले सुटे भाग बदलत बसतात लोक, दोष गोंदाचा. तो खरवडून काढावा लागतो, दाताच्या डॉक्टरसारखं बसून.

दुसरं, बंद वस्तू थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून "बघू चालते का" हे करूच नका. आम्ही सिरीज बोर्ड वापरतो. १०० वॅटचा तारेचा बल्ब वस्तूच्या रांगेत जोडलेला असतो. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट, क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुराने हे चांगलं शिकवलं. दुकानात चिखलाने भरलेले टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांची रांग लागली होती. ज्यांनी पाणी ओसरल्यावर हात लावला नव्हता त्यांचे बोर्ड स्वच्छ पाण्याने धुऊन, आठवडाभर वाळवून बरेचसे उठले. ज्यांनी घरी एकदा बटण दाबून पाहिलं होतं, त्यांच्यासाठी मी फार काही करू शकलो नाही.

सुरंगीताईंचं शंभर टक्के खरं. अर्थिंग कच्चं असेल तर आरसीसीबी आणखी गरजेचा, कारण गळती थोडी असली तरी तो तुटतो. मिक्सरचं माझं गणित सोपं आहे. कार्बन ब्रश झिजलेत, कपलर तुटलाय, खालचं लाल बटण उडतंय तर आणा. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळून वास आला असेल तर नवीन घ्या, मी रिवाइंडिंग (तार पुन्हा गुंडाळणं) करून देणार नाही. पंख्याचं उलटं, तो कंडेन्सर आणि बेअरिंगवर अजून वीस वर्षं काढेल. बोरिवलीकरांचा आकडा बरोबर आहे, पण त्या बीएलडीसीचा बोर्ड गेला की सुटा मिळायला मारामार. मिळाला तर ठीक, नाहीतर तीन हजारांचा पंखा शोभेला.

नियमांचा_कीडा:
सुट्या भागांवरून आठवलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून. आणि 'भंगारात द्या' हे इतकं सोपं नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, गोळा करून नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर आहे. आपला टेंपोवाला तांब्यासाठी वायरी जाळतो, तो धूर कुठे जातो? जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. नदीकाठी फोडलेल्या पिक्चर ट्यूब मी स्वतः पाहिल्यात.

गजालीवाला:
पोर्टलावर माझ्या पंख्याचो बोर्ड गावता काय तेवढा बघून सांग.

नियमांचा_कीडा:
बघितलं. तुमचं मॉडेल नाही सापडलं.

कातळकाका:
सुरंगीताई, पाटावर उभं राहायचा उपाय आमच्याकडेही चालायचा. आई राहायची उभी. मी कधी विचारलं नाही तिला. मिक्सर काढतो, आणि आरसीसीबीसाठी आजच वायरमनला फोन केला.

पंख्यांचं असं ठरवलंय. ओसरीवरचा दिवसभर चालतो, तिथे पुतण्याचा नवा लागू दे. माजघरातला रात्रीपुरता, तो जुनाच. बोरिवली_स्लो, अर्धी वर्गणी मी भरणारच.

टीव्हीवर मात्र अडलोय. मागे पिवळी-पांढरी भोकं आहेत, सेट टॉप बॉक्स लागतो, चित्र येतं. पण पावसाळी हवेत चालू केला की पहिली पाच मिनिटं आतून चर्रर्र आवाज येतो आणि वीज पडल्यावर येतो तसला वास. नंतर थांबतं. मागचं झाकण काढून ब्रशने धूळ काढू म्हणतो.

सोल्डर_आणि_चहा:
काढू नका! हात जोडतो. पिक्चर ट्यूबला पंचवीस हजार व्होल्ट लागतात, आणि प्लग काढला तरी ट्यूब ते धरून ठेवते. तुमचा चर्रर्र म्हणजे तेच व्होल्टेज ओल्या धुळीवरून सरपटतंय, वास ओझोनचा. लिंबू आणि कापूस तिथे चालत नाही. चालू करणं आजपासून बंद. अख्खा टीव्ही घेऊन या, ट्यूब डिस्चार्ज करून रबरी टोपीखालचं साफ करून बघतो. ट्रान्सफॉर्मरलाच चीर असेल तर तोंडावर नाही म्हणेन, रागावू नका.

फक्त मंगळवारी नको. मंगळवारी आमच्याकडे लाईट नसते.