प्रतिसाद: रिकामे रकाने आणि चुकीचा भारांक

एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) च्या महिला फाइलमध्ये घरगुती हिंसेचे बहुतेक रकाने रिकामे दिसतात, म्हणून फाइल खराब आहे का, असं वर विचारलंय. फाइल ठीक आहे. एकूण ७,२४,११५ महिलांच्या मुलाखती झाल्या, पण हे प्रश्न राज्य-भागात, म्हणजे फक्त राज्य पातळीच्या अंदाजांसाठी असलेल्या प्रश्नसंचात होते. तो भाग फक्त १५ टक्के घरांत घेतला आणि तिथेही घरटी एकाच महिलेला विचारलं. म्हणून 'व्ही०४४' (या प्रश्नांसाठी निवड झाली का, हे सांगणारा रकाना) चं मूल्य १ असलेल्या नोंदीच घ्या. भारांक (प्रत्येक नोंदीला द्यायचं वजन) म्हणून सर्व महिलांसाठीचा 'व्ही००५' नव्हे, घरगुती हिंसेच्या प्रश्नांसाठीचा 'डी००५' वापरा; त्याला १०,००,००० ने भागायचं. या प्रश्नांवरून जिल्हानिहाय तक्ते कृपया करू नका, नमुना फारच तोकडा पडतो.

स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये महाराष्ट्र वेगळा काढताना बाकीच्या नोंदी उडवू नका, सबपॉप (नोंदी ठेवून फक्त एका उपगटाचे आकडे काढणारा पर्याय) वापरा. नोंदी उडवल्या की काही स्तरांत (नमुना निवडताना केलेल्या विभागांत) एकच समूह (निवडलेलं गाव किंवा शहरी वस्ती) उरू शकतो आणि प्रमाणत्रुटी (अंदाज किती चुकू शकतो याचं माप) येतच नाही. समूहासाठी 'व्ही०२१' हा रकाना आहेच.

आणखी एक. सर्वेक्षण दोन टप्प्यांत झालं. महाराष्ट्राचं क्षेत्रकाम पहिल्या टप्प्यात, म्हणजे जानेवारी २०२० पर्यंत आटोपलं होतं. उत्तर प्रदेश दुसऱ्या टप्प्यात होता. दोघांची तुलना करताना मधली टाळेबंदी विसरलात तर निष्कर्ष फसेल. प्रबंधात हे स्पष्ट लिहाच.