साण, दगड की व्हील? चेन सॉच्या साखळीला धार लावायचं मराठी

मंडळी, चेन सॉच्या साखळीला मशीनवर धार कशी लावायची ते मराठीत लिहून काढतोय, माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघातिघांसाठी. पहिल्याच ओळीत अडकलो. बेंच ग्राइंडरला एका भाषांतराच्या ॲपने 'बाक दळणयंत्र' दिलं आणि ग्राइंडिंग व्हीलला 'दळणारे चाक'. हसलो खरा पण माझ्याकडे तरी कुठे बरा शब्द आहे. आणि धार लावणे, काढणे, करणे यातलं नक्की काय लिहू?

—

धार काढू नका हो, काढतात ती म्हशीची. लावायचीच. पाजळणे हाही जुना चांगला शब्द होता पण आता लोक फक्त अक्कल पाजळतात. आणि परजणे म्हटलं की धार लावण्यापेक्षा तलवार हवेत फिरवणारा माणूसच डोळ्यासमोर येतो.

—

बेंच म्हणजे बसायचा बाक नाही, कामाचं टेबल. पण भाषांतरापेक्षा मोठा घोळ वेगळाच आहे, बेंच ग्राइंडर या एकाच नावाखाली दोन मशिनी फिरतात. एक नेहमीची, मोटरच्या दोन्ही टोकांना दोन जाड दगड, १५० मिमी व्यास आणि साधारण २० मिमी जाडी, छिन्नी ड्रिल बिट वगैरेसाठी. त्यावर साखळीचा दाता धरायलाच काही नसतं आणि तो जाड दगड दोन दात्यांच्या मधल्या खोबणीत शिरत पण नाही. दुसरी साखळीसाठीच केलेली, एकच पातळ व्हील, खाली दाता पकडायचा छोटा व्हाइस, व्हाइस २५ किंवा ३० अंशांत फिरतो आणि वरून हँडल दाबलं की व्हील खाली येतं. नुसतं बेंच ग्राइंडर लिहिलंत तर तुमचा माणूस पहिली मशीन घेऊन येईल. मी स्वतः आणली होती म्हणून सांगतोय. 'साखळीचा ग्राइंडर' लिहा, विषय संपला.

—

चाक नकोच. चाक गाडीला. आपल्याकडे 'साण' हा शब्द आहे की, शस्त्राला धार लावायचा दगड, संस्कृत शाण वरून आलेला. सहाण म्हटलं तर चंदन आठवतं, म्हणून साण बरा. वर्कशॉपमधे कोणी म्हणत नाही हे मान्य, तिथे व्हील किंवा नुसतं दगड.

पण गंमत बघा, जुने शब्द इथे नुसते शोभेचे नाहीत, व्हील निवडताना जे बघायचं तेच सांगतात. नेहमीचं व्हील ॲल्युमिनियम ऑक्साइडचं असतं, म्हणजे कारखान्यात केलेला कुरुंद, तो कडक दगड. इंग्रजीतला कोरंडम आपल्याच देशातून गेलाय, तमिळमधून. मग 'पाणी'. लोहार पात्याला पाणी देतो म्हणजे तापवून बुडवून कडक करतो, आणि पातं परत जास्त तापलं की पाणी उतरतं. साखळीचा दाता व्हीलखाली एक क्षण जास्त दाबून धरला की टोक निळं पडतं, तेच पाणी उतरणं, मग तो दाता लाकडात गेला की लगेच बोथट. इंग्रजी मॅन्युअलमधे टेम्पर जाणे वगैरे असतं, ते अजिबात आणू नका, पाणी उतरतं लिहा आणि 'दाबून धरू नका, टेकवा उचला टेकवा उचला' एवढं लिहा. व्हीलचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि लोखंडाने भरलेला झाला की ते कापायचं सोडून नुसतं घासतं आणि तापवतं, म्हणून ड्रेसिंग करायचं, म्हणजे वरचा भरलेला थर खरवडून काढायचा. त्यालाही शब्द आहे, जात्याला टाकी लावतात ना, तेच. इथे टाकी म्हणजे एक कडक दगडी कांडी असते, तिनेच व्हीलची कड गोलसर पण करून घ्यायची.

अजून एक, 'मऊ व्हील' म्हणजे स्पंज नव्हे. कण तेवढेच कडक असतात, त्यांना धरून ठेवणारं बाइंडिंग सैल असतं, झिजलेला कण पटकन गळतो आणि खालचा नवा धारदार वर येतो. व्हीलवर जी अक्षरं छापतात त्यात ए पासून झेड कडे जाल तसं पकड घट्ट. आणि कडक पोलादाला मऊ व्हील, हे ऐकायला उलटं वाटतं पण बरोबर आहे.

—

टाकी सुंदर! पण नुसतं 'टाकी' लिहिलं तर आमची पोरं पेट्रोलची समजतील. आणि जाडी? सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) व्हील घ्यावं का, त्याला टाकी लागत नाही म्हणतात.

—

जाडी साखळीच्या पिचवर. पिच म्हणजे ओळीने तीन रिव्हेटांच्या मधलं अंतर भागिले दोन. १/४, ०.३२५ आणि ३/८ इंच लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या साखळीला ३.२ मिमीचं व्हील, मोठ्या ३/८ आणि ०.४०४ इंचाला ४.८ मिमी. सीबीएन धातूच्या चकतीवर चढवलेलं असतं, आकार बदलत नाही, कमी तापतं, महाग असतं. रोज साखळ्या येत असतील तरच. हिऱ्याचं मात्र साध्या पोलादाला नको, तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन खातं. ते कार्बाइडच्या दात्यांसाठी.

—

माझा आक्षेप 'दाता' वर आहे. करवतीचा दाता ओरखडतो, हा तासतो. १९४६ साली अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी बघून ही साखळी बनवली म्हणतात, तिचे जबडे डावी उजवीकडे कातरत जातात तसं. म्हणजे हा खरं तर छोटा रंधाच. दात्यापुढचं ते बुटकं टेकाड, ज्याला रेकर म्हणतात, ते काही ओढत वगैरे नाही, पातं किती खोल जाईल ते ठरवतं, रंध्यात पातं किती बाहेर ठेवायचं तसंच. ते दात्यापेक्षा बहुतेक ०.६५ मिमीच्या आसपास खाली हवं. पाच सहा वेळा धार लावून टेकाड तसंच ठेवलं की साखळी भुसा पाडते, कीस पडत नाही, आणि लोक व्हीलला नावं ठेवतात.

—

'तासणी' म्हणा मग. जाऊदे, दाताच राहूदे, कटर म्हणतील शेवटी.

नवीन व्हील लावण्याआधी हत्याराच्या लाकडी मुठीने हलकं वाजवून बघा हे पण लिहा. खणखणीत वाजलं तर लावा, बद्द वाजलं तर आत तडा आहे, फेकून द्या. आणि व्हीलवर लिहिलेले मिनिटाचे फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नकोत.

—

बद्द! हा शब्द माझी आजी मडक्याला वापरायची, घेतला. पहिली ओळ आता अशी झाली: 'साखळीच्या ग्राइंडरचं व्हील वाजवून बघा, टाकीकांडी फिरवून कड गोल करा, दाता टेकवा उचला, निळा पडला तर पाणी उतरलं.' साण नाही बसली कुठे, सॉरी.