जनुकक्रम एकदा वाचून भागत नाही

संपूर्ण जनुकक्रम (शरीरातील सगळ्या डीएनएचा क्रम) एकदा वाचून घेतला की पुढचे आजार आपोआप कळतील, असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जनुकशास्त्रज्ञ मायकेल स्नायडर यांनी स्वतःवरच केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाचा वाढीव धोका जनुकक्रमात दिसला होता खरा. पण रक्तातील साखर प्रत्यक्षात वाढली ती एका विषाणुसंसर्गानंतर, आणि ती वेळीच लक्षात आली, कारण सुमारे १४ महिने त्यांच्या रक्ताचे नमुने घेऊन आरएनए (कोणती जनुके किती सक्रिय आहेत हे दाखवणारे रेणू), प्रथिने व चयापचयातील रेणू पुन्हा पुन्हा मोजले जात होते. आहार-व्यायाम बदलल्यावर साखर पूर्ववत झाली. त्याआधी येल विद्यापीठात त्यांच्या गटाने यीस्ट या एकपेशीय बुरशीच्या आरएनएवर केलेले काम यातील आरएनए मोजण्याच्या कामी आले. अर्थात, हा अभ्यास एकाच व्यक्तीचा होता.