तुतनखामेन लक्झरलाच भेटेल

भाऊ, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेला इजिप्त आता प्रत्यक्ष बघणार, वाचून फार आनंद झाला! पण मे महिन्याचं तिकीट काढू नका. आपल्याला भुसावळचं ऊन अंगवळणी पडलंय खरं, तरी लक्झरजवळच्या राजांच्या खोऱ्यात, जिथे जुन्या राजांची थडगी आहेत, तिथे सावलीच नाही. डिसेंबर-जानेवारीत जा.

रामसेस दुसरा या राजाची ममी तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात शोधू नका. २०२१ साली बावीस राजे-राण्यांच्या ममी मिरवणुकीने कैरोतल्याच दुसऱ्या संग्रहालयात हलवल्या. तुतनखामेन राजाचा सोन्याचा मुखवटा आता गिझाच्या नव्या संग्रहालयात आहे. तो स्वतः मात्र राजांच्या खोऱ्यात १९२२ साली सापडलेल्या त्याच्याच थडग्यात, काचेच्या पेटीत आहे. अंगावर पांढरं कापड, बाहेर फक्त काळवंडलेला चेहरा आणि पावलं. म्हणून लक्झरला दोन दिवस हवेतच, टूरवाले एकच देतात. आधीच सांगून ठेवा.