मिनी डीव्हीडी कॅमकॉर्डर: घरच्या चित्रणासाठी तो घेणं ही चूक होती का? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या आधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चकती

८ सेंमीच्या डीव्हीडीवर थेट चित्रण करणारे कॅमकॉर्डर पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या लग्नामुंजीत सर्रास दिसायचे. आता ते माळ्यावरून खाली येताहेत आणि सोबत एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "तेव्हाच टेपचा घ्यायला हवा होता." घरच्या चित्रणापुरतं हे मला अजिबात पटत नाही.

हिटाचीने असा पहिला कॅमकॉर्डर २००० साली आणला. सोनी, पॅनासॉनिक, कॅनन मागोमाग आले. या यंत्राचं काम एकच होतं, घरात जे टिपलं ते घरातल्यांनी बघावं. टेपच्या कॅमेऱ्यातली मिनीडीव्ही टेप भरली की कपाटात जायची. बघायची तर कॅमेरा शोधा, चार्ज करा, वायर जोडा, टेप मागेपुढे पळवा. डिस्क फायनलाइज केली, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी कॅमेऱ्यातच पक्की केली, की प्लेअरच्या ट्रेमधल्या आतल्या लहान खळग्यात ठेवायची, झालं. न्यू जर्सीतल्या बारशाची डिस्क पाकिटात घालून साताऱ्याला धाडली तरी आजी-आजोबांना दुसऱ्या कुणाची मदत लागत नव्हती. घरी केलेल्या डिस्कला रिजन कोड (ठरावीक देशांतच डिस्क चालू देणारं बंधन) नसतो, आणि तिकडच्या एनटीएससी या टीव्ही पद्धतीचं चित्रण आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दाखवायचे.

दुसरं, डीव्हीडी-आर एकदाच लिहिली जाते. बारशाच्या टेपवर पुढच्या वर्षीचा गणपती चुकून चित्रित होणं टेपच्या बाबतीत सहज घडतं. डीव्हीडी-आरवर ते घडूच शकत नाही.

पथ्य एकच: एका बाजूच्या १.४ जीबी डिस्कवर सर्वोच्च दर्जा, म्हणजे सेकंदाला सुमारे ९ मेगाबिट, ठेवायचा. २० मिनिटं मिळतात. मधल्या दर्जात ३० आणि खालच्यात ६० मिळतात, पण खालचा दर्जा वापरूच नये.

फीतवाला

पथ्य सांगितलंत, पण पाळलं कोणी? एका डिस्कवर तासभर बसतो म्हटल्यावर बहुतेक घरांत खालच्या दर्जाची, म्हणजे सेकंदाला ३ मेगाबिटचीच निवड झाली. त्याचा परिणाम नेमका कुठे दिसतो ते पाहा. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या. शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वर मांडवातला अपुरा उजेड आणि त्यामुळे चित्रात आलेला रवा, म्हणजे दाणेदारपणा. डिस्कवर चित्रण दाबून साठवायची पद्धत म्हणजे एमपेग-२, आणि ते आधीच्या चौकटीत काय बदललं तेवढंच साठवून जागा वाचवतं. इथे सगळंच बदलतं, बिट पुरत नाहीत, आणि वधूवरांचे चेहरे चौकोनी ठोकळ्यांत फुटतात. ज्या क्षणासाठी कॅमेरा आणला तोच क्षण सगळ्यात खराब. तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आणि ९ मेगाबिटवर ठेवलं तर २० मिनिटांत डिस्क संपते. रेकॉर्डिंग थांबवल्यावर कॅमेरा माहिती लिहून पूर्ण करतो, मग झाकण उघडायचं, नवी डिस्क घालायची, ती ओळखायची वाट बघायची. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क असेल तर फॉरमॅटही करायची. तोवर सप्तपदी सुरू. मिनीडीव्हीची टेप ६० मिनिटं अखंड चालते.

काटछाटीचंही तेच. टेपवरच्या डीव्ही पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्र, हवी तिथे कापा. एमपेग-२ मध्ये साधारण अर्ध्या सेकंदातून एकदाच पूर्ण चौकट येते. तिच्याशिवाय दुसरीकडे कापलं की तो तुकडा नव्याने एन्कोड करावा लागतो. घरच्या चित्रणातला निम्मा भाग जमीन आणि पडदे असतो, म्हणजे काटछाट हवीच.

खटका

फीतवाल्यांशी सहमत. त्यात दोन यांत्रिक गोष्टींची भर.

धक्का: डिस्क फिरत असताना लेझरला सूक्ष्म रेघ धरून राहावं लागतं. कॅमेऱ्यातली बफर मेमरी थोडं सांभाळून घेते, पण वरातीत नाचणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून चित्रण केलं तर रेकॉर्डिंग मध्येच थांबू शकतं.

आवाज: डिस्कची मोटर माइकपासून काही सेंटिमीटरवर असते. शांत खोलीत ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय) आवाज वर ओढते आणि झोपलेल्या बाळाच्या चित्रणात घरघर येते. बऱ्याच स्वस्त मॉडेलना बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही.

चकती

अक्षतांचा मुद्दा मान्य. तो ३ मेगाबिटच्या निवडीचा दोष आहे, आणि ती निवड मेनूत बदलता येते.

मात्र डिस्कचे ९ विरुद्ध टेपचे २५ मेगाबिट अशी तुलना कुणी केली तर ती सरळ नाही. डीव्ही प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवतं म्हणून त्याला २५ लागतात. शेजारच्या चौकटींचा आधार घेणाऱ्या पद्धतीला तेवढ्याच दर्जासाठी कमी पुरतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत तर रंगांचा तपशील दोन्हीकडे सारखाच (४:२:०) आणि चित्राचा आकारही दोन्हीकडे ७२० बाय ५७६. दिवसाउजेडी, तिपाईवर, ९ मेगाबिटवर काढलेलं चित्रण टीव्हीवर शेजारी ठेवलं तर घरातल्या कुणाला फरक सांगता येणार नाही. तिपाई मुद्दाम म्हटलं. हात हलला की पूर्ण चित्र हलतं आणि बिट त्यातच खर्ची पडतात. डिस्कच्या कॅमेऱ्याला तिपाई टेपच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त गरजेची आहे.

मंगलाष्टकांसाठी उपाय आधीपासून आहे: अंतरपाट धरायच्या आधीच डिस्क बदला, जुनीत पाच मिनिटं शिल्लक असली तरी. किंवा दुहेरी थराची २.६ जीबी डिस्क चालणारं मॉडेल असेल तर ती वापरा.

आता टेपची आजची अवस्था. ६० मिनिटांची टेप संगणकावर घ्यायला ६० मिनिटंच लागतात, सुमारे १३ जीबी जागा लागते आणि फायरवायर लागतं, जे नव्या लॅपटॉपवर उरलेलं नाही. डिस्कला यूएसबीचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो.

निरांजन

दोन्ही बाजू दर्जावर भांडताहेत, पण या डिस्कवरचं चित्रण सर्वाधिक कशाने जातं? फायनलाइज न केल्याने. डीव्हीडी-आर किंवा व्हिडिओ मोडमधली (साध्या प्लेअरसाठी लिहिलेली) डीव्हीडी-आरडब्ल्यू फायनलाइज केली नसेल तर संगणकाला ती कोरी वाटते. विंडोज विचारतं, डिस्क तयार करू का? तिथे "हो" कधीही म्हणू नका.

कॅमेरा चालू असेल तर क्रम असा:

कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी अडॅप्टर लावा. टेबलावर सपाट ठेवा आणि काम संपेपर्यंत हात लावू नका. वीज गेली किंवा धक्का बसला तर डिस्क कायमची निकामी होऊ शकते. डिस्कवर चित्रण थोडंच असेल तर फायनलाइजला उलट जास्त वेळ लागतो, कारण उरलेली जागाही काही प्रमाणात भरून घ्यावी लागते. यंत्र बंद पडलं असं समजून अडॅप्टर काढू नका. शक्यतो ज्या कॅमेऱ्यात चित्रण झालं त्याच कॅमेऱ्यात हे करा.

कॅमेरा मेला असेल तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर फायनलाइज न झालेल्या डिस्कवरचे ट्रॅक शोधून चित्रण बाहेर काढू शकतं. एका ड्राइव्हने डिस्क ओळखली नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. अशा डिस्क वाचण्यात ड्राइव्हाड्राइव्हांत मोठा फरक असतो.

ड्राइव्ह मात्र ट्रेवाला हवा. फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या लॅपटॉपमध्ये किंवा गाडीच्या प्लेअरमध्ये ८ सेंमीची डिस्क घातली की ती अडकते आणि यंत्र खोलावं लागतं.

पुढची पायरी सगळ्यांसाठी: फाइल्स एकेक ओढून घेऊ नका, पूर्ण डिस्कची आयएसओ प्रत (सगळी डिस्क एका फाइलमध्ये) करा. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचायचं सॉफ्टवेअर वापरा. ब्लॉक २०४८ बाइटचा. पहिल्या फेरीत खराब जागा ओलांडून पुढे जायचं, दुसऱ्या फेरीत तेवढ्याच जागांवर तीन प्रयत्न. नोंदीची फाइल तीच ठेवून ड्राइव्ह बदलला तर पहिल्याला न वाचलेले सेक्टर दुसरा बरेचदा वाचतो. मग मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने त्या प्रतीतून चित्रण काढा, ते नव्याने एन्कोड न करता तसंच बाहेर येतं. फॅमिली ग्रुपवर टाकायची प्रत वेगळी करा: एफएफएमपेग या सॉफ्टवेअरच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने अर्धचौकटी (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) सोडवून सेकंदाला ५० चौकटी, ४:३ चित्र असेल तर ७६८ बाय ५७६. अमेरिकेतली एनटीएससी डिस्क आणि इथली पाल डिस्क एकाच फाइलमध्ये जोडू नका, ६० अर्धचौकटींच्या ५० करताना हालचाल अडखळते.

फीतवाला

उत्तम माहिती, आणि माझाच मुद्दा त्यातून पक्का होतो. टेपवर चुरगळ पडली तर काही सेकंद जातात, उरलेलं शाबूत राहतं. डिस्कवर शेवटची काही मिनिटांची प्रक्रिया राहिली तर संपूर्ण २० मिनिटं दिसेनाशी होतात. लग्नाच्या धांदलीत कॅमेरा हाताळणारा मावसभाऊ फायनलाइजचं लक्षात ठेवेल, हे गृहीत धरून बनवलेलं यंत्र घरगुती कसं म्हणायचं?

पश्चिमवारा

किनारपट्टीवरच्या घरांना आणखी एक बाजू बघावी लागते. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यातल्या दमटपणाने टेपला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसत असलेली टेप कॅमेऱ्यात घातली तर बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या चांगल्या टेपही खराब करते. डिस्कच्या बाबतीत चित्रणाचा थर पॉलिकार्बोनेटच्या दोन ०.६ मिमी चकत्यांमध्ये बंद असतो. बुरशी वर बसली तरी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसता येते. गोल गोल पुसू नये, कारण रेघेच्या दिशेने पडलेला ओरखडा प्लेअरला वाचताना भरून काढता येत नाही.

पण डिस्क अमर आहे असंही कुणी समजू नये. डीव्हीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने उतरतो. पत्र्याच्या छपराखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा. कागदी चिकट लेबल तर नकोच. एवढ्या लहान चकतीचा तोल जातो, आणि लेबल सुकून आक्रसलं की चकती वाकते. नाव लिहायचं तर मधल्या पारदर्शक कड्यावर, दोन्ही बाजूंनी लिहिल्या जाणाऱ्या डिस्कवर तर फक्त तिथेच.

झाकण उघडलं की लेझरची भिंग उघडी पडते, हेही विसरू नका. सोनीच्या पडद्यावर "सी:१३" आलं तर आधी डिस्क पुसून आणि दुसरी घालून पाहा. भिंगेवर तोंडाने फुंकू नका, वाफ बसते. रबरी फुग्याने हवा मारा.

चकती

मावसभावासाठी डीव्हीडी+आरडब्ल्यू होती, बहुतेक प्लेअरांत ती फायनलाइज न करता चालते. डीव्हीडी-रॅम तर त्याहून भक्कम: खोक्यात बंद, सुमारे एक लाख वेळा लिहिता येणारी, आरडब्ल्यूच्या हजाराच्या तुलनेत. हिटाची आणि पॅनासॉनिकची ती मॉडेल लोकांनी नाकारली, कारण घरच्या प्लेअरात ती चालेना. लोकांना काय हवं होतं याचा हा पुरावाच आहे.

खटका

रॅमची डिस्क मिळाली तर संगणकावर तिच्यात व्हिडिओ_टीएस (साध्या डीव्हीडीवर चित्रण असतं तो फोल्डर) शोधू नका. डीव्हीडी_आरटीएव्ही फोल्डरात व्हीआर_मूव्ही.व्हीआरओ असते, ती सगळ्या प्रसंगांची मिळून एकच फाइल. व्हीआर मोडमध्ये, म्हणजे व्हिडिओ मोडऐवजी रॅमसारख्याच पद्धतीने लिहिलेल्या आरडब्ल्यूचंही तसंच. आणि २००६ नंतरच्या एचडी मॉडेलवर काढलेल्या एव्हीसीएचडी (एचडी चित्रण साठवायची पद्धत) डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरात घालूच नका. त्या चालत नाहीत, काही प्लेअर त्या बाहेरही सोडत नाहीत. त्यांना ब्लू-रे प्लेअर किंवा संगणक लागतो.

फीतवाला

डीव्हीडी+आरडब्ल्यूचा मुद्दा बरोबर, पण दुकानात समोर असायची ती डीव्हीडी-आर. आजही कुणी जुना कॅमेरा काढून नातवंडांचं चित्रण करायचं म्हणत असेल तर हाती येतात त्या वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कोऱ्या डिस्क. रंगद्रव्य न लिहिताही जुनं होतं. पाकिटातली एक डिस्क खर्ची घालून पूर्ण २० मिनिटं भिंतीवरचं घड्याळ चित्रित करा, फायनलाइज करा, दोन ड्राइव्हवर शेवटपर्यंत वाचून पाहा. बाहेरच्या कडेला वाचन अडलं तर ते पाकीट कार्यक्रमाला नेऊ नका.