मदत हवी आहे: पऱ्हाटीच्या बायोचारमधून घरचं सांडपाणी गाळायचंय

नमस्कार मंडळी. आमच्या यवतमाळ भागात कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बांधावर पेटवून देतात. तो धूर थांबावा म्हणून आम्ही काही घरांनी शंकूसारख्या खड्ड्यात थरावर थर टाकत ती जाळून, पांढरी राख धरू लागताच पाणी मारून बायोचार, म्हणजे सच्छिद्र कोळसा, करायला सुरुवात केली आहे. आता त्याचा थर देऊन न्हाणीघर आणि मोरीचं पाणी गाळायचं आणि परसातल्या केळी-पपईला सोडायचं, असा विचार आहे.

कोळशाच्या छिद्रांत जिवाणूंचा थर वाढतो आणि खरी सफाई तोच करतो, हे माहीत आहे. म्हणून पाणी थांबून-थांबून सोडणार, म्हणजे मधल्या वेळात थरात हवा खेळेल. आधी तेलकटपणा आणि खरकटं अडवायला वेगळी टाकीही ठेवणार.

अडचण चुरीची आहे. पऱ्हाटीचा कोळसा ठिसूळ, हाताळतानाच भुगा होतो आणि थर तुंबेल अशी भीती वाटते. किती मिलिमीटरचे तुकडे चाळून घ्यावेत? तुरीच्या तुऱ्हाट्यांचा कोळसा जास्त टणक निघतो का? राखेमुळे सुरुवातीचं पाणी अल्कधर्मी येतं, तर कोळसा किती वेळा धुवावा? आमची काळी जमीन आधीच चुनखडीची, म्हणजे अल्कधर्मीच, त्यामुळे हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कुणी प्रत्यक्ष असा थर चालवला असेल तर कृपया सविस्तर लिहा. थराची उंची आणि कोळसा कधी बदलला, तेही सांगा. काढलेला कोळसा शेणखतात मुरवून शेतात घालायचा आहे.